मुकादमिणीचं अंडं

१

परसात कोंबड्या सात होत्या आणि सातही जागेवर होत्या. तक्रार एवढीच होती, की त्यांतली एक ती नव्हती.

वहिनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून, साखर वाढल्यामुळे चार दिवस जास्त राहून, दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशी हे उघडकीला आलं. चहासुद्धा न घेता त्या तडक परसात गेल्या, खुराड्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि आत येऊन मुलाला म्हणाल्या, "मुकादमीण कुठे आहे?"

मुलाने खिडकीतून बोट दाखवलं. पिंगट अंग, मानेला काळी झालर, उजव्या पायात लाल प्लॅस्टिकचं कडं. मुकादमीण.

"कडं तिचंच आहे," वहिनी म्हणाल्या. "पण ती नाही ही."

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी मुलाने डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मोतीबिंदू काढला की रंग वेगळे दिसतात, होईल सवय. रंगांची सवय झाली, कोंबडीची झाली नाही. मग मुलगा आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, कागदावर घड्याळ काढायला लावलं. वहिनींनी सगळं बिनचूक केलं. शेवटी पेनाचं टोपण लावता लावता डॉक्टरांनी सहज विचारलं, "बाकी काही त्रास?" वहिनी म्हणाल्या, "घरात एक तोतया कोंबडी आहे." डॉक्टरांनी टोपण पुन्हा काढलं.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. गावाबाहेर एक सांभाळकेंद्र होतं. तिथे बाग होती, गाणी होती, हसऱ्या परिचारिका होत्या आणि फाटकाला कडी होती, ती बाहेरून. रविवारी सकाळी त्यांची गाडी यायची ठरली. शुक्रवारी मुलाने आत्याला फोन केला, की आई कोणाचं ऐकत नाही, तू येऊन समजूत काढ.

आत्या म्हणजे वहिनींची नणंद. तिची हयात विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात गेली. जळलेली गोदामं, उलटलेले ट्रक, बुडालेल्या बोटी आणि त्यांच्या शेजारी उभे राहून रडणारे मालक. इतके खरे अश्रू आणि इतकी खोटी माणसं तिने एकाच जागी पाहिली होती, की निवृत्तीनंतर तिला नाटकाला न्यायला कोणी धजत नसे. तिचा एक आडाखा होता. खोटं बोलणारा अडखळतो असं लोक म्हणतात. तिच्या अनुभवात खोटं बोलणारा तयारी करून येतो. न विचारलेल्या प्रश्नाचं जो उत्तर देतो, त्याच्याकडे दोनदा बघावं.

ती पोचली तेव्हा वहिनींची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. वहिनी शेजारच्या खुर्चीत, दुसऱ्या कोणाला तरी पोचवायला निघाल्यासारख्या बसल्या होत्या.

"वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "मला वेड लागलंय का, तेवढं बघून सांगा. लागलं असेल तर मुकाट्याने जाईन. पण तुम्ही सांगितलंत तरच."

२

भाच्याचा धंदा सल्ला देण्याचा. कंपन्यांत जायचं, चार दिवस लोकांच्या पाठीमागे उभं राहायचं आणि कोण बिनकामाचं आहे ते मालकाला सांगून निघून यायचं. हे काम घरबसल्या होऊ लागलं तसा तो बायकोला घेऊन आईच्या घरी राहायला आला, आणि हाताला सवय असल्यामुळे आल्या आल्या घराचीही पाहणी करून मोकळा झाला. परसाचा पुरेसा उपयोग होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्याने आत्याला मुद्देसूद समजावलं. कोंबड्यांची संख्या बरोबर. कडं बरोबर. पिसं झडून नवी आली की कोंबडी वेगळी दिसते, हे त्याने वाचलं होतं. आई मात्र हट्टाला पेटली होती.

"आणि हे मी परसासाठी करतोय असं समजू नकोस," तो म्हणाला.

आत्याने परसाचं नावही काढलं नव्हतं. तिने त्याच्याकडे दोनदा बघितलं.

"कोंबड्यांवर माझा राग नाही," तो पुढे म्हणाला. "माझा एकच नियम आहे. जी अंडी देत नाही ती ठेवायची नाही. मुकादमीण सगळ्यांत म्हातारी, पण रोज एक अंडं देते. आईच सांगते. म्हणून तर तिला हात लावला नाही."

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. कोंबड्या कोंडायचा गजर. आई वाट्टेल तेव्हा दार लावायची; त्याने त्यात शिस्त आणली होती. बाहेर अजून लख्ख उजेड होता आणि सातही जणी माती उकरत होत्या. भाच्याने बायकोकडे बघितलं. ती उठली नाही.

"थोडं थांबून लावते," ती म्हणाली.

"आई दवाखान्यात होती तेव्हा बरोबर वेळेवर लावायचीस."

 सून दातांची डॉक्टर. दवाखान्यात दुसऱ्यांना तोंड उघडायला लावायची, घरी स्वतःचं क्वचित उघडायची.

उजेड कलला तशी आत्या तिच्याबरोबर परसात गेली. वहिनींच्या कोंबड्यांच्या गप्पा आत्याने इतकी वर्षं जेवताना ऐकल्या होत्या, की न पाळताही तिला सगळं तोंडपाठ होतं. कोंबड्यांत मानपानाची उतरंड असते. सर्वांत वर मुकादमीण. दाण्यावर पहिली चोच तिची. अंडी घालायची एक पेटीही तिची एकटीची, तीत दुसरी कोणी शिरत नसे. संध्याकाळी बाकीच्यांना हाकून आत घालायची, कोणी राहिलं नाही ना बघायची आणि सगळ्यांत शेवटी आपण शिरायची.

आत्या बघत राहिली. कडंवाली कोंबडी दाण्यांपाशी आली की कोणीही येऊन तिच्या डोक्यावर चोच मारत होतं. सगळ्या आत गेल्या. ती दाराशी पाय वर करून ताटकळली आणि आतली भांडणं थांबल्यावर चोरट्यासारखी शिरली. मुकादमीणही शेवटीच शिरायची. पण साहेब कचेरीतून शेवटी निघतो आणि नवा कारकून शेवटी निघतो, यात फरक असतो.

"वय झालं की बाकीच्या जुमानत नाहीत," सून म्हणाली. "आणि पाय गुळगुळीत दिसतायत ना, ते तेलामुळे. खवले धरले होते, आई दवाखान्यात असताना मीच तेल लावत होते."

आत्याने पायांबद्दल काही विचारलं नव्हतं. आता मात्र तिने पाय बघितले. कोवळे, पिवळेधमक पाय. तेल लावून म्हातारे पाय मऊ होतात, तरुण होत नाहीत. तसं असतं तर आत्याने आधी स्वतःला लावलं असतं.

ती आत गेली आणि वहिनींच्या कानाशी वाकली. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे. कोंबडी बदललीय."

वहिनींनी डोळे मिटले. सुटल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. उलट त्यांनी आत्याचं मनगट घट्ट धरलं.

"मग आता पुढे शोधू नका, वन्सं."

३

वेड नाही हे कळल्यावर जी बाई तपास थांबवा म्हणते, ती काहीतरी झाकत असते. हा आडाखा आत्याला नव्याने करावा लागला.

शनिवारी सकाळी तिने भाच्याशी बोलून पाहिलं. उतरंड सांगितली, पाय सांगितले. भाच्याने सहानुभूतीने ऐकलं आणि या वयात दोघींनी एकमेकींना धरून राहणं साहजिक आहे, असं म्हणाला. केंद्रात दोन खाटांची खोलीही असते, हेही त्याने जाता जाता सांगितलं.  चोची आणि पाय यांवर हा माणूस हलणार नव्हता. त्याला हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं.

न्याहारीनंतर सुनेने वहिनींच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. ते घातले की वहिनींनी बराच वेळ डोळे मिटून पडायचं, असा डॉक्टरांचा हुकूम. आत्या त्यांच्या उशाशी बसली. बाहेरच्या खोलीत भाचा कानाला यंत्र लावून कोणाला तरी कामावरून काढत होता. परसात सून कपडे वाळत घालत होती. कुंपणाच्या भिंतीपलीकडे शेजारचे निवृत्त हेडमास्तर झाडांना पाणी देत होते, आणि त्यांचा कुत्रा आपल्या साखळीवर खूश होता.

मग खुराड्यातून ओरडा झाला. कोंबडी अंडं घातल्यावर साऱ्या आळीला ऐकवते, तसा लांबलचक, फुशारकीचा.

वहिनी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "तीच ओरडतेय. तोतया."

"तुम्हाला कसं कळलं?"

वहिनींनी कूस बदलली. आत्या चपला न घालताच परसात धावली. कडंवाली कोंबडी खुराड्याबाहेर उभी राहून अजून कौतुक सांगत होती. आत्याने मुकादमिणीच्या पेटीचं झाकण उचललं. गवतात वाटीएवढा खळगा होता. तिने हात घातला. खळगा ऊन लागला.

अंडं नव्हतं.

दोरीवर चादरी हलत होत्या. कपडे संपवून सून रिकामी टोपली दोन्ही हातांनी छातीशी धरून घरात चालली होती. खिडकीत भाचा बोलतच होता. आणि भिंतीवरून हेडमास्तरांचं डोकं एकदम खाली गेलं.

४

हेडमास्तर शाळेत असताना फळ्यावर रोज एक सुविचार स्वतःच्या अक्षरात लिहीत. शाळा सुटली, फळा सुटला, पण सुविचार साचत राहिले आणि ते आता भेटणाऱ्यांवर निघत. आत्या फाटकातून आत आली तसे ते ताठ झाले.

"माझा कुत्रा बांधलेला असतो, बरं का, ताई," ते म्हणाले.

आत्याने अजून नमस्कारही केला नव्हता. ज्याला त्याला न विचारलेली उत्तरं सुचत होती. तिघांकडेही दोनदा बघायचं म्हणजे आडाख्याला काही अर्थच उरत नव्हता.

कुत्र्याकडे मात्र तिने तीनदा बघितलं. इतका तुकतुकीत कुत्रा तिने पाहिला नव्हता. अंगावर पॉलिश केल्यासारखी झाक, आणि नाकाच्या शेंड्याला काहीतरी पांढरं. ती वाकली. अंड्याच्या कवचाचा तुकडा. कुत्र्याच्या घराच्या मागे, भिंतीच्या बुंध्याशी तसल्या कवचांचा चुराच पडला होता.

हेडमास्तरांचा चेहरा फळा पुसल्यासारखा कोरा झाला. चोरी या विषयावर त्यांनी उभ्या आयुष्यात काय काय लिहिलं होतं, ते त्यांनी सांगायला घेतलं. आत्याने ते संपू दिलं. मग ते खालच्या आवाजात बोलू लागले. भिंतीवरून रोज सकाळी अंडं येतं. कोण टाकतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहिलं नाही म्हणजे पाहायला गेले नाहीत. कुत्र्याच्या अंगावर तेज आलं होतं. वहिनींच्या कानावर घालायला हवं होतं, पण मग ते बंद झालं असतं.

"आणि अंड्याची चोरी मी कशाला करू?" ते दुखावून म्हणाले. "तुमच्या वहिनी दर रविवारी मला स्वतः आणून देतात. मुकादमिणीचं खास म्हणून. त्याची चवच वेगळी."

आत्या तिथून बाजारात गेली. आळीच्या टोकाला जिवंत कोंबड्या विकणारा बसे. अशी पिंगट, काळ्या मानेची कोंबडी मधे कोणी नेली का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, कोंबड्यांचे चेहरे मी बघत नाही, बघायला लागलो तर धंदा बसेल. गिऱ्हाइकांचेही बघत नाही.

परत येताना आत्या एकाच प्रश्नावर अडून बसली. स्वयंपाकघरात अंड्यांची परडी भरून ठेवलेली असते. वाट्टेल त्याने घ्यावीत. हेडमास्तरांना तर घरपोच मिळतात. मग पेटीतलं एकच अंडं, गरम असतानाच उचलून, भिंतीपलीकडे कुत्र्याला कशाला घालायचं? अंडं हवं म्हणून हे कोणी करत नव्हतं. अंडं दिसू नये म्हणून करत होतं.

आणि एक अंडं दिसल्याने कोणाचं काय बिघडणार होतं, हे या घरात एकाच बाईला ठाऊक होतं. ती डोळे मिटून पडली होती.

५

संध्याकाळी भाचा केंद्रात नेण्याच्या औषधांची पिशवी भरत होता, तेव्हा आत्याने वहिनींच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"वहिनी, ओरडा ऐकून तुम्ही 'तोतया' म्हणालात. का?"

वहिनी उशीचा अभ्रा सारखा करू लागल्या.

"उद्या गाडी येणार आहे. तुमच्या मुलाला मी पाय सांगितले, चोची सांगितल्या. तो मलाही तुमच्याबरोबर पाठवायला निघालाय. आता तुम्ही बोलला नाहीत तर आपण दोघी त्या बागेत गाणी म्हणत बसू. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे."

वहिनींना हसू आलं आणि हसता हसताच त्या बोलल्या. मुकादमीण अंडं देतच नव्हती. फार दिवस झाले, थांबली होती. म्हातारी झाली बिचारी. पण मुलाने आल्या आल्या तो नियम काढला. तेव्हा वहिनींनी दुसऱ्या कोंबड्यांची अंडी दाखवून 'हे मुकादमिणीचं' म्हणायला सुरुवात केली. मुलाला सांगितलं, हेडमास्तरांनाही खास म्हणून देऊ लागल्या, म्हणजे बोलता बोलता त्यांच्या तोंडून मुलाच्या कानावर जाईल. अंडं द्यायचं थांबलेली कोंबडी ओरडतही नाही. म्हणून पहिल्याच सकाळी तिच्या पेटीतून तो ओरडा ऐकला आणि खात्री पटली.

"मग हे त्याला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय? तो म्हणाला असता, बघा, खोटंही बोलायला लागली."

आत्या उठून खिडकीशी गेली. तिच्या डोक्यात गोदामाच्या राखेत ठिणगीची जागा सापडावी तसं झालं. खरी मुकादमीण रोज अंडं द्यायची, असंच भाचा समजत होता. हेडमास्तरही तसंच समजत होते. त्यांच्यापैकी कोणी कोंबडी बदलली असती तर नव्या कोंबडीचं अंडं लपवायचं त्यांना कारणच नव्हतं. ज्याने ते लपवलं, त्याला ठाऊक होतं, की मुकादमिणीच्या पेटीत अंडं सापडलं तर बिंग फुटेल.

"वहिनी, मुकादमीण अंडं देत नाही हे आणखी कोणाला माहीत होतं?"

"कोणाला नाही."

"नीट आठवा."

"सांगितलं ना, कोणाला नाही." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "वन्सं, माझ्या बॅगेत ती पांढरी शाल घातलीय का बघा. तिथे गार असेल."

६

रविवारी गाडी वेळेआधी आली. आत्याने ड्रायव्हरला थांबवलं आणि निघण्याआधी चहा परसात घेऊ, असा हट्ट धरला. कोंबड्यांचा निरोप घ्यायला नको का, असं म्हटल्यावर भाच्याला नाही म्हणता येईना. हेडमास्तरांनाही तिने भिंतीवरून बोलावलं. कडंवाली कोंबडी कुठे दिसत नव्हती. ती मुकादमिणीच्या पेटीत शिरली होती.

चहा निवत गेला. आत्याने एकेक गोष्ट मांडली. कोंबडी बदललीय. रोज एक अंडं नाहीसं होतं आणि कुत्रा तुकतुकीत होतो. आणि मुकादमीण कित्येक महिने अंडं देत नव्हती.

"म्हणजे?" भाचा म्हणाला. "ती तर रोज —"

"मग दर रविवारी मला खास म्हणून जे —" हेडमास्तर म्हणाले, आणि थांबले.

"हे दोघं सुटले," आत्या म्हणाली. "अंडं लपवणाऱ्याला ती देत नाही हे माहीत होतं. यांना नव्हतं."

 भाच्याच्या चेहऱ्यावर ती शांत, समजूतदार कळा आली, जी आत्तापर्यंत पुष्कळ लोकांनी आपल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी पाहिली असेल.

"आत्या, तू माझंच म्हणणं सिद्ध केलंस. हे एकट्या आईला माहीत होतं. म्हणजे अंडं आईच उचलते. उचलते, टाकते आणि विसरते. हे तिला ठाऊकही नसेल." तो आईकडे वळला. त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता. "आई, तुला राग येईल, पण म्हणूनच तिथे जायला हवं."

तिने बांधलेला दोर तिच्याच वहिनींच्या गळ्याशी आला होता. वहिनींनी एक शब्द बोलायचा अवकाश होता. एकच नाव. त्या उठल्या. पदर सारखा केला, बॅग उचलली आणि परसाच्या वाटेने फाटकाकडे चालू लागल्या. ड्रायव्हरने गाडीचं मागचं दार उघडलं.

आणि पेटीतून ओरडा झाला. लांबलचक, फुशारकीचा, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

"वहिनी फाटकाशी आहेत," आत्या म्हणाली. "सगळ्यांना दिसताहेत. आता अंडं कोण उचलतं ते बघू."

कोणी हललं नाही. कोंबडी बाहेर येऊन ओरडत राहिली. ड्रायव्हर दार धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्याला यांतलं कोणीही चाललं असतं.

मग सुनेने कपबशी खाली ठेवली. ती पेटीपाशी गेली, न बघता हात घातला, रोजच्या सवयीने अंडं काढलं. ते टोपलीत गेलं नाही. फाटकाशी जाऊन तिने ते सासूच्या हातात ठेवलं.

"मी," ती म्हणाली.

गोष्ट तशी लहान होती, लहान होती म्हणूनच सांगायची राहिली. वहिनी दवाखान्यात असताना खुराडं सुनेकडे होतं. गजर वाजला, तिने दार लावलं. त्या दिवसांत उजेड वाढत चालला होता, गजर होता तिथेच होता. सहा जणी कशाबशा आत घातल्या. सगळ्यांत शेवटी शिरणारी मुकादमीण बाहेर राहिली. सकाळी लिंबाच्या झाडाखाली पिसं होती, आणि जे कुठल्याशा रानमांजराने नको म्हणून ठेवलं होतं ते. तिने ते तिथेच पुरलं, कडं धुऊन घेतलं आणि बाजारातून तशीच दुसरी आणली. नवी कोंबडी तिन्हीसांजेला, बाकीच्या दांडीवर बसल्यावर आत सोडायची, म्हणजे फार मारामारी होत नाही, हे तिला सासूनेच कधीतरी सांगितलं होतं.

"रोज वाटायचं, आज सांगू," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "पण तू चुका विसरत नाहीस. आणि एकदा..." ती थांबली. मग दात उपटतात तसं एका दमात म्हणाली, "एकदा वाटलं, जाऊ दे, गेल्या तर गेल्या. घर आपलं होईल. खोटं कशाला बोलू?"

भाच्याने खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा ठेवून दिला.

"तुम्हाला माहीत होतं," आत्या वहिनींना म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"मुकादमिणीचं गुपित मी एका तिलाच सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "या घरात माझं खोटं तिने सांभाळलं, वन्सं. नवऱ्यापाशीसुद्धा बोलली नाही. तिचं मी कसं फोडू?"

"आणि केंद्रात गेला असतात?"

वहिनींनी हातातलं अंडं दुसऱ्या हातात घेतलं. "ती बोलेल असं वाटलं होतं. गाडीचं दार उघडलं तेव्हा जरा कमी वाटलं."

भाचा पुढे आला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याच्या धंद्यात माफी मागायचा प्रसंग येत नसल्यामुळे त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेना. शेवटी त्याने आईच्या हातातली बॅग घेतली.

"म्हणजे ती कोंबडी इतके महिने नुसतीच..." तो म्हणाला.

"नुसतीच," वहिनी म्हणाल्या. "अंडं तर मीही घालत नाही रे."

ड्रायव्हरने गाडीचं दार लावलं. हेडमास्तरांना या प्रसंगाला साजेसा सुविचार सुचला होता. आत्याने त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी तो परत नेला.

७

संध्याकाळी आत्याची बस होती. ती पिशवी भरत असताना भाचा खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. गजर बंद केला, एवढंच सांगून तो गेला.

परसात उजेड उतरत होता. सून खुराड्याच्या दाराशी एकटीच उभी होती. हात कडीवर. सहा जणी आत गेल्या होत्या आणि जागेवरून भांडत होत्या. सातवी, कडंवाली, लिंबाच्या झाडाखाली मातीत पाय घासत होती. दाराकडे चार पावलं यायची, आतला आवाज ऐकायची, पुन्हा मागे जायची.

डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून कपाळावर हात धरून वहिनी मागच्या पायरीवर आल्या. दिवसभर दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. जेवताना एकीने वाढलं, दुसरीने पुरे म्हटलं, तेवढंच.

"गेल्या का सगळ्या?" वहिनींनी विचारलं.

"एक राहिलीय."

वहिनी पायरीवर बसल्या.

"मग थांब," त्या म्हणाल्या.